मुलांच्या वाढदिवसाचा नावाचा टी-शर्ट: कापड कोणतं, प्रिंट कोणती आणि मराठी नाव का बिघडतं?

माझ्या भाच्याचा दुसरा वाढदिवस मे महिन्यात होता. घरात कॉम्प्युटरचं काहीही निघालं की ते माझ्याकडे येतं, तसं नावाच्या टी-शर्टचं कामही माझ्याकडेच आलं. मी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, नाव पाठवलं, साइज सांगितली आणि मोकळा झालो. टी-शर्ट आला आदल्या दिवशी संध्याकाळी. बहिणीने उघडून बघितला आणि म्हणाली, "दादा, शर्ट छान आहे रे, पण नाव कुणाचं आहे हे?"

भाच्याचं खरं नाव मी इथे देणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. समजा त्याचं नाव शौर्य आहे. टी-शर्टवर 'शौर्य'मधला रफार वर चढलाच नव्हता. र खाली एकटा, त्याला हलन्त, आणि शेजारी य. खाली 'दुसऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा' हवं होतं, तिथे 'दुसर्या' आलं होतं. आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या आसपास असतो हे काय सांगायला नको. टी-शर्ट शंभर टक्के पॉलिस्टरचा होता आणि छातीभर फोटो. पोराने दहा मिनिटांत रडून रडून तो काढायला लावला. केक बनियनवरच कापला.

चूक दुकानदाराची किती आणि माझी किती, यावर मी बराच विचार केला. फाईल मी नीट दिली नव्हती, कापड विचारलं नव्हतं आणि प्रिंट कोणत्या पद्धतीची हे तर मला तेव्हा माहीतच नव्हतं. त्यानंतर मी तीन-चार ठिकाणी बसून मशिनी बघितल्या आणि स्वतः फाईल तयार करायला शिकलो. ती सगळी माहिती या लेखात एकत्र देतोय.

आधी कापड, मग प्रिंट

बहुतेक जण आधी डिझाइन निवडतात आणि दुकानदार त्या डिझाइनला परवडणारं कापड लावतो. हे उलटं करा. आधी कापड ठरवा, कारण कोणती प्रिंट होऊ शकते हे कापडावरच ठरतं.

सुती धागा हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, ०.४ टक्क्याच्या आसपास. म्हणजे घाम सुती कापडात मुरतो आणि वाळतो, तर साध्या पॉलिस्टरमध्ये तो अंगावरच राहतो. खेळाडूंच्या जर्सी पॉलिस्टरच्या असतात हे खरं, पण त्यांची वीण जाळीदार असते आणि त्यावर घाम पसरवणारी प्रक्रिया केलेली असते. वाढदिवसाच्या स्वस्त टी-शर्टला यातलं काही नसतं. त्यामुळे फेब्रुवारीअखेरपासून जूनपर्यंत वाढदिवस असेल तर सोलापूरकरांनी पॉलिस्टरचा विचारच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळच्या कार्यक्रमाला दोन तासांसाठी चालेल.

दुकानात 'कॉटनच आहे' असं ऐकलं तरी लेबल बघा. 'पॉलीकॉटन', 'कॉटन फील', 'सॉफ्ट टच' हे शब्द म्हणजे शुद्ध कॉटन नव्हे. शंका असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढून घरी चिमट्यात धरून पेटवून बघा (मोठ्यांनी, आणि पोरं जवळ नसताना). सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. मिश्र धाग्यात दोन्ही दिसतं.

दुसरा आकडा जीएसएम. एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, ते हा आकडा सांगतो. बाजारातले प्रिंटिंगचे तयार टी-शर्ट बहुतेक १८० जीएसएमचे असतात. लहान मुलाला उन्हाळ्यासाठी १४० ते १६० बरं. त्याहून पातळ घेतलं तर प्रिंटच्या वजनाने कापड पुढे ओढल्यासारखं लोंबतं. 'बायोवॉश' लिहिलेलं असेल तर कापडावरची लव एन्झाइमने काढलेली असते, प्रिंट स्वच्छ बसते आणि गोळे कमी येतात.

आता कुणी म्हणेल, सोलापूर कापडाचं गाव, मग टी-शर्टचं कापड इथलंच घ्यावं. तर तसं होत नाही. आपल्या गावाचं नाव चादरीचं आणि टॉवेलचं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांनाही जीआय मानांकन आहे. हे सगळं मागावर विणलेलं कापड. टी-शर्टचं कापड मात्र गुंफलेलं, ज्याला आपण होजिअरी म्हणतो, आणि ते मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतं. सोलापूरची ताकद दुसरीकडे आहे, ती म्हणजे शाळेचे गणवेश. त्याचा वाढदिवसाच्या शर्टाला कसा उपयोग होतो ते पुढे सांगतो.

प्रिंटच्या पद्धती

सब्लिमेशन ही माझ्या भाच्याच्या टी-शर्टवर झालेली पद्धत. यात खास शाईने कागदावर छापतात आणि तो कागद टी-शर्टवर ठेवून साधारण १९० ते २०५ अंश सेल्सिअसला दाबतात. शाई पातळ न होता थेट वायू होते आणि पॉलिस्टरच्या धाग्याच्या आत शिरते. म्हणून हात फिरवला तर प्रिंट लागतच नाही, कितीही धुवा, निघत नाही. पण ही शाई पॉलिस्टरमध्येच शिरते, सुती धाग्यात ती टिकत नाही, धुतली की फिकी पडते. शिवाय या पद्धतीत पांढरी शाई नसते, त्यामुळे कापड पांढरं किंवा अगदी फिकं लागतं. म्हणजे कुणी तुम्हाला काळ्या कॉटनवर सब्लिमेशन करून देतो म्हणाला तर त्याला तरी ते कळत नाही किंवा तो तुम्हाला दुसरंच काहीतरी देणार आहे.

डीटीएफ म्हणजे डायरेक्ट टू फिल्म. गेल्या काही वर्षांत सगळीकडे पसरलेली पद्धत हीच. प्लास्टिकच्या फिल्मवर रंगीत शाई छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर, त्यावर चिकटणारी पावडर भुरभुरवतात, ती वितळवतात आणि मग ती फिल्म कापडावर दीडशे-एकशे साठ अंशाच्या आसपास दाबतात. फिल्म सोलली की चित्र कापडावर राहतं. कॉटन, पॉलिस्टर, पांढरं, काळं, सगळं चालतं, आणि एकच टी-शर्ट हवा असला तरी चालतं. म्हणूनच दुकानदारांना ती आवडते.

तिची अडचण एकच, पण ती मुलांच्या बाबतीत मोठी आहे. चित्र कापडाच्या वर बसलेला एक पातळ लवचिक थर असतो आणि त्यातून हवा जात नाही. छातीभर चौकोनी फोटो छापला की कॉटन घेऊनही तेवढ्या भागात पॉलिस्टरपेक्षा वाईट होतं. उपाय सोपा: चौकोन नको. पार्श्वभूमी काढून फक्त नाव, फक्त फुगे, फक्त सिंहाचं डोकं असं सुटं सुटं डिझाइन घ्या. मधे जेवढं मोकळं कापड राहील तेवढी हवा जाते. भरीव आकाराऐवजी नुसत्या रेषांचं चित्र तर फारच छान.

डीटीएफ घेताना टी-शर्ट हातात आला की प्रिंटजवळ कापड दोन्ही हातांनी हलकंच ताणून बघा. बारीक भेगा दिसल्या किंवा कडा उचलली तर पावडर नीट वितळलेली नाही किंवा दाब कमी पडलाय. पुन्हा एकदा प्रेस मारायला सांगा, बऱ्याचदा तेवढ्याने सुधारतं. आणखी एक, लाल किंवा गडद पॉलिस्टरवर पांढरं नाव छापलं तर काही दिवसांत ते गुलाबी पडू शकतं. उष्णतेने कापडाचाच रंग वर चढतो. दुकानदाराला दोष देण्याआधी हे लक्षात ठेवा, पण त्याने आधी सांगायला हवं होतं हेही खरं.

व्हिनाइल म्हणजे रंगीत फिल्म प्लॉटरने अक्षराच्या आकारात कापून उष्णतेने चिकटवणं, जर्सीवरचे नंबर असतात तसं. एका रंगातलं नाव आणि आकडा एवढंच हवं असेल तर उत्तम. इथे देवनागरीचा एक फायदा आहे आणि एक त्रास. फायदा असा की शिरोरेषेमुळे सगळं नाव एकाच तुकड्यात राहतं, इंग्रजीसारखी सुटी अक्षरं रांगेत लावत बसावं लागत नाही. त्रास असा की फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. स्क्रीनवर ते दिसत नाही, पण प्लॉटरचं पातं त्या प्रत्येक जोडावर चीर पाडतं. दोन धुण्यांनंतर शिरोरेषा नेमकी तिथूनच उचलायला लागते. कापण्याआधी सगळी अक्षरं 'वेल्ड' म्हणजे एकजीव करावी लागतात, आणि हे सांगितल्याशिवाय बरेच जण करत नाहीत. अनुस्वाराचा टिंब तर हमखास आधी पडतो. 'वेदांत'चा 'वेदात' झालेला मी बघितलाय. टिंब मोठा ठेवा आणि दोन मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ कुठेही नको.

स्क्रीन प्रिंटिंग एका टी-शर्टसाठी परवडत नाही, कारण प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन बनवावी लागते. वाढदिवसाला येणाऱ्या तीस-चाळीस पोरांना सारखेच टी-शर्ट द्यायचे असतील तरच विचारा.

आणि मग भरतकाम. इथे सोलापूरचा फायदा घ्यायचा. शाळेच्या शर्टाच्या खिशावर बोधचिन्ह भरणारी कॉम्प्युटरवरची मशिनं गणवेशवाल्यांकडे असतात. तेच मशिन पोराचं नावही भरू शकतं. अक्षरांचं टाक्यांमध्ये रूपांतर करून डीएसटी नावाची फाईल बनवतात, तिला डिजिटायझिंग म्हणतात. एकदा ती झाली की पुढच्या वर्षीच्या शर्टालाही तीच चालते, म्हणून फाईल मागून घ्या. भरतकाम प्लास्टिक नाही, उष्णता अडवत नाही आणि कापड फाटेपर्यंत टिकतं. फक्त आतल्या बाजूचं अस्तर टोचतं. लहान बाळासाठी आतून मऊ कापडाचा तुकडा चिकटवून किंवा शिवून घ्या. गणवेशाच्या कापडात टेरीकॉट असतं, म्हणजे त्यात पॉलिस्टर आलंच. म्हणून सुती शर्ट तुमचा तुम्ही न्या आणि फक्त नाव भरून घ्या.

(नाव आणि कापड यांचं नातं सोलापूरला नवं नाही. चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते. लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ साली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारी ही युक्ती काढली. कोणता धागा उचलायचा हे भोक सांगतं. पुढे १८९० च्या अमेरिकेतल्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवर मोजणी केली आणि तिथून ही कार्डं कॉम्प्युटरमध्ये आली. त्यामुळे आमच्याकडे पूर्वभागात राहणाऱ्या कुणी 'आम्हाला कॉम्प्युटरचं काय कळतंय' म्हटलं की मी त्यांना त्यांच्या मागाकडे बोट दाखवतो.)

मराठी नाव का बिघडतं

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते नावाचा टी-शर्ट चुकतो तो इथे, आणि ही चूक सगळ्यात जास्त खटकते, कारण पोराच्या फोटोत ती कायमची राहते.

आपण मोबाईलवर मराठी लिहितो ते युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला, मात्रेला स्वतःचा क्रमांक असतो आणि ती कशी जोडायची हे सॉफ्टवेअर ठरवतं. 'र + ् + य' असा क्रम आला की रफार य वर चढवायचा, हे काम सॉफ्टवेअरचं आणि फॉन्टचं. प्रिंटिंगवाल्यांकडे मात्र अनेक ठिकाणी कोरलड्रॉची जुनी आवृत्ती आणि जुने मराठी फॉन्ट असतात. त्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तुमचं युनिकोड तिथे पेस्ट केलं की डबे येतात. किंवा अक्षरं येतात पण जोडली जात नाहीत. कोरलड्रॉमध्ये अशा लिप्या नीट जोडण्याची सोय २०१२ च्या एक्स ६ आवृत्तीपासून आली, त्याआधीच्या आवृत्तीत ही अपेक्षाच ठेवू नका. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू नसेल तर तेच होतं.

सगळ्यात वाईट ऱ्हस्व वेलांटीचं. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लिहिली जाते आणि दिसते आधी. हे जोडकाम झालं नाही की 'शिवम'ची वेलांटी श च्या पुढे जाते आणि व वर बसल्यासारखी दिसते. वाचताना सरळ 'शविम'.

मग ऑपरेटर काय करतो? व्हॉट्सॲपवरचं नाव बघून स्वतःच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो. त्यात काही नावं निसटतात: श्लोक, हृदया, ऋग्वेद, प्रज्ञा, शौर्य. शाळेत शुद्धलेखनाला जे शब्द विचारायचे तेच.

'दुसऱ्या' आणि 'तिसऱ्या'ची गोष्ट वेगळी आहे. मराठीत 'सूर्या'मधला रफार आणि 'दुसऱ्या'मधला अर्धा र हे वेगळे आहेत. हिंदीत दुसरा प्रकार नाही, त्यामुळे हिंदी कीबोर्ड वापरणाऱ्याच्या हातून 'दुसर्या' होतं. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर नुक्ता असलेला ऱ असतो. तो ऱ, मग हलन्त, मग य, असं लिहिलं की बरोबर येतं. वाढदिवसाच्या मजकुरात 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' आणि 'साऱ्यांचा लाडका' हे शब्द हटकून असतात, म्हणून हे एवढं सांगितलं.

आणखी एक छुपा घोटाळा. 'ओ'ची मात्रा युनिकोडमध्ये एकच आहे, पण काही जण काना आणि मात्रा वेगवेगळी टाकतात. 'सोलापूर' आणि 'साेलापूर' हे दोन शब्द काही फॉन्टांत सारखेच दिसतात. पण दुसरा शब्द चुकीचा आहे. सर्चमध्ये 'सोलापूर' शोधलं तर तो सापडत नाही, आणि फॉन्ट बदलला की मधे टिंबांचं वर्तुळ उगवतं. तुमच्या मोबाईलवर 'शौर्य' व्यवस्थित दिसतंय म्हणून छापताना तसंच येईल असं नाही, ते यामुळेही.

हेच तेलुगू आणि कन्नडलाही लागू आहे. आमच्या गावात आजी नातवाचं नाव तेलुगूत वाचते, आई मराठीत आणि पोरगा इंग्रजीत, अशी घरं काही कमी नाहीत. तेलुगूत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली बसतो. जोडकाम झालं नाही तर तो शेजारी येऊन उभा राहतो आणि अव्वाला नाव वाचताच येत नाही.

यावर उपाय: नाव अक्षर म्हणून पाठवूच नका, आकार म्हणून पाठवा. गुगल डॉक्समध्ये किंवा कॅनव्हामध्ये नाव टाइप करा, मोठ्या आकारात ठेवा आणि पीडीएफ म्हणून सेव्ह करा. पीडीएफमध्ये अक्षरांचा आकार आत बसलेला असतो. दुकानदाराला सांगा, "कोरलमध्ये इम्पोर्ट करताना टेक्स्ट नको, कर्व्हज निवडा." मग त्याच्याकडे फॉन्ट असो नसो, नाव तुम्ही पाठवलं तसंच येतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा तो ऑपरेटर म्हणाला, "मालक, असं सगळ्यांनी आणलं तर आमचं निम्मं काम कमी होतंय की ओ."

ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यांनी इंकस्केप वापरा, ते फुकट आहे आणि मराठी नीट जोडतं. नाव टाइप करून 'पाथ' मेनूतून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, मग अनग्रुप करून 'युनियन'. हे युनियन म्हणजेच वर व्हिनाइलसाठी सांगितलेलं वेल्ड. एका कामात दोन्ही होतं.

फॉन्टसाठी गुगल फॉन्ट्सवर मुंबईच्या एक टाइपचे 'बलू' आणि 'मुक्त' हे दोन मोफत मिळतात. बलू जाड आणि गोलसर आहे, पोरांच्या नावाला शोभतो आणि व्हिनाइलमध्ये तुटत नाही. कोणताही फॉन्ट घेण्याआधी त्यात 'ल' आणि 'श' टाइप करून बघा. मराठीत पाकळीचा ल आणि शेंडीफोड्या श ही आपल्या सवयीची वळणं. राज्य शासनानेही २००९ साली वर्णमालेच्या निर्णयात या दोन अक्षरांचा प्रश्न घेतला होता. बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळण आपोआप येतं. चूक नाही ती, पण आजोबांना खटकते.

फोटो छापायचा असेल तर

कागदावरच्या छपाईला ३०० डीपीआय धरतात, कापडाला २०० पुरतं, १५० च्या खाली गेलात की चेहरा पुसट. हिशोब सोपा आहे. आठ इंच रुंद फोटो हवा तर १५० ने गुणून किमान १२०० पिक्सेल. इन्स्टाग्रामवरून घेतलेला १०८० पिक्सेलचा फोटो त्यात बसत नाही, स्क्रीनशॉट कापून घेतला तर अजिबातच नाही. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो लहान होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मोबाईलवर चमकणारे निऑन हिरवे-गुलाबी रंग छपाईत मंद येतात, ते गृहीत धरा.

कार्टूनबद्दल दोन शब्द. छोटा भीम असो की डिस्नेचं कुणी, ही चित्रं कुणाच्या तरी मालकीची आहेत. घरच्या एका शर्टासाठी कुणी दारात येणार नाही, पण दुकानदार नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, तो बरोबर आहे.

अंगाला काय लागतं, तोंडात काय जातं

वर्षाच्या आतलं बाळ छातीवरचं कापड तोंडात घालतं. त्याच्या टी-शर्टवर पुढे प्रिंट नकोच, पाठीवर घ्या. टिकल्या, मोती, चिकटवलेले खडे तीन वर्षांखालच्या मुलाला अजिबात नकोत, ते निघतात आणि घशात जातात. टोपीच्या गळ्याला नाडी असलेले हुडी युरोपच्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांसाठी चालत नाहीत. नाडी घसरगुंडीत किंवा पाळण्यात अडकते. इथे कुणी तपासत नसलं तरी आपण नाडी काढून टाकू शकतो.

कापडावर 'ओएको-टेक्स स्टँडर्ड १००' असा शिक्का असेल आणि त्यात वर्ग १ असेल तर ते तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या सगळ्यात कडक चाचण्यांतून गेलेलं असतं. पण हा शिक्का कोऱ्या टी-शर्टचा असतो, त्यावर नंतर मारलेल्या प्रिंटचा नाही. नवी प्रिंट उग्र वास मारत असेल तर घालायच्या आधी धुवाच. त्यासाठी टी-शर्ट किमान चार दिवस आधी हातात हवा, कारण प्रिंट झाल्यावर पहिले चोवीस तास धुवायचा नसतो.

नाव पाठीवर असावं का?

भाच्याचं नाव का दिलं नाही, त्याचं कारण हे. पोराच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव असेल तर कुणीही अनोळखी माणूस त्याला नावाने हाक मारू शकतो, आणि लहान मुलाला नावाने हाक मारणारा माणूस ओळखीचाच वाटतो. घरातल्या कार्यक्रमात काही बिघडत नाही. पण तोच टी-शर्ट पुढे गड्ड्याच्या यात्रेत, बसस्टँडवर, बागेत घातला जातो. आमच्या घरात आता नियम आहे, बाहेर घालायच्या शर्टावर नाव लहान आणि खिशापाशी. किंवा नुसतं लाडाचं नाव.

दुसरं, ऑर्डर देताना आपण काय काय देतो बघा: पोराचं नाव, फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे. पण गल्लीतल्या दुकानदाराने तुमच्या पोराचा फोटो सॅम्पल म्हणून स्टेटसला ठेवला तर तुम्ही कायदा घेऊन जाणार नाही. ऑर्डर देतानाच सांगा की फोटो कुठे टाकू नका आणि काम झाल्यावर काढून टाका. जन्मतारीख द्यायची गरजच नसते.

साइज आणि तो आकडा

वयावरून साइज घेऊ नका. पोराचा सध्या नीट बसणारा टी-शर्ट सपाट ठेवा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. तेवढे इंच दुकानदाराला सांगा. होजिअरी कॉटन पहिल्या धुण्यात थोडं आकसतं, उंचीत जास्त. म्हणून एक साइज मोठी.

मोठा '२' किंवा '५' छापायचा मोह सगळ्यांना होतो. पण तो टी-शर्ट पुढच्या वर्षी कपाटात जातो. आकडा कापडी पट्टीवर घेऊन टाके घालून लावा, कार्यक्रम झाला की उसवा. नाव राहतं, शर्ट वर्षभर घालता येतो.

मी आता दुकानदाराला जो मेसेज पाठवतो तो असा: "नमस्कार. एक टी-शर्ट, १०० टक्के कॉटन, १६० जीएसएम, छाती २४ इंच, रंग फिका पिवळा. डीटीएफ, डिझाइन सोबतच्या पीडीएफमध्ये, रुंदी ६ इंच, पार्श्वभूमी नको. मजकूर पुन्हा टाइप करू नका, कर्व्हज म्हणून घ्या. छापण्याआधी स्क्रीनवरचा फोटो पाठवा. कार्यक्रम रविवारी आहे, बुधवारी हवा." यातलं 'छापण्याआधी स्क्रीनवरचा फोटो' हे एक वाक्य राहिलं तरी बाकीचं सगळं वाया जाऊ शकतं. फोटो आला की घरातल्या दोघांना दाखवा, एकट्याने तपासू नका. आपण स्वतः लिहिलेलं नाव आपल्याला बरोबरच दिसतं.

धुताना उलटा करून, थंड पाण्यात. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि मग सगळे कपडे एकदम बादलीत तासन् तास भिजत पडतात. डीटीएफ आणि व्हिनाइल त्यात भिजवू नका, कडा सुटतात. वाळत घालताना सावली, इस्त्री उलट्या बाजूने.

यंदा भाच्याला फिक्या पिवळ्या सुती शर्टवर खिशापाशी निळ्या धाग्याने नाव भरून घेतलं. रफार जागेवर आहे. बहिणीने आधी तोच बघितला.